काकूंचा संसार, पास्टरजींचा संसार

चर्चच्या पायऱ्या उतरताना एखादी बाई तुमच्याजवळ आली आणि पदर सावरत हळूच म्हणाली, "मला आता हा संसार होत नाही," तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल?

उत्तराची घाई करू नका. तुम्ही चांगली माणसं आहात हे मला ठाऊक आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतलीही सगळी चांगलीच होती, म्हणून तर विचारते. वाईट माणसांनी एका बाईला एकटं पाडलं असतं तर मी त्यांच्याविरुद्ध एक पत्रक छापून मोकळी झाले असते.

पत्रकांवरच मी वाढले. पप्पा नगरकडचे, सरकारी कारखान्यात टेक्निशियन म्हणून भोपाळला आले आणि इथलेच झाले. बाग सेवनियातल्या आमच्या घरात पलंगाखाली धान्याच्या कोठीऐवजी पत्रकांचे गठ्ठे असायचे. शनिवारी दुपारी आम्ही बापलेक जमिनीवर बसून घड्या घालायचो. दारू पिणाऱ्यासाठी एक पत्रक, आजाऱ्यासाठी एक, परीक्षेत नापास झालेल्यासाठी एक. पहिल्या पानावर दुःख, आत त्याचं कारण, त्याच्यासमोर इलाज, मागच्या पानावर प्रार्थना. शाळेत बाराखडी पक्की व्हायच्या आधी मी ही पत्रकं वाचत होते. जगातलं कुठलंही दुःख चार पानांत बसतं, याबद्दल मला अजिबात शंका नव्हती. मला राग यायचा तो फक्त त्या माणसांचा, जी आमच्याकडून पत्रक घ्यायची आणि चौकातल्या गाडीवर त्यातच समोसा ठेवून खायची.

आमची मंडळी हिंदी. पूर्वी मराठी घरं बरीच होती, कारखान्यातली, सरकारी कचेऱ्यांतली, आणि महिन्यातून एक उपासना मराठीत व्हायची. मग लोक निवृत्त होऊन नगरला, जालन्याला, नागपूरला परत गेले, मुलं पुण्या-बंगळूरला गेली, आणि ती उपासना बंद पडली. उरलेली मराठी घरं डाव्या हाताच्या बाकांवर बसतात आणि गुरुवारी संध्याकाळी आळीपाळीनं एकमेकांच्या घरी मराठीत प्रार्थना करतात. प्रार्थनेनंतर पोहे आणि चहा. खरं सांगायचं तर पुष्कळ जण पोह्यांसाठीच येतात, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

ही गोष्ट ज्या काकूंची आहे, त्यांचं घर अरेरा कॉलनीत. दोघं नवरा-बायको नागपूरकडचे. काका राज्य सरकारच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आता निवृत्त. मंडळीच्या कमिटीत त्यांच्याइतकं जुनं कुणी नाही. पप्पांना कमिटीत त्यांनीच घेतलं. रविवारचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा सगळ्यांसमोर वाचणं, बहुतेक वेळा काकाच करायचे. त्यांचा आवाज खणखणीत आणि हिंदी उच्चार इतके स्वच्छ, की हिंदी माणसंसुद्धा म्हणायची, भाईसाहब पढ़ते हैं तो समझ में आता है.

असे हे काका घरी काकूंशी बोलत नव्हते.

रागावून चार दिवस धरलेला अबोला नव्हे. मला कळायला लागल्यापासून तो तसाच होता. गुरुवारची प्रार्थना त्यांच्याकडे असली की काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणायच्या, "आज साखर कमी घातलीय." काका कप उचलायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "बेटा, जरा विचार, माझ्या बीपीच्या गोळ्या कुठे ठेवल्यात." काकू हाताच्या अंतरावर उभ्या असायच्या. मी म्हणायचे, "काकू, गोळ्या..." आणि त्या म्हणायच्या, "फ्रिजवर आहेत म्हणावं."

आधी हे काम त्यांची मुलगी करायची. ती लग्न होऊन पुण्याला गेल्यावर जो कुणी घरात असेल त्याच्याकडे ते यायचं. आम्ही त्यावर हसायचो. एक मावशी मला म्हणायच्या, "अगं, यांचं पोस्ट ऑफिस तुलाच चालवायचंय आता. पगार मागून घे." काकाही हसायचे, काकूही हसायच्या. हसू आलं की ती गोष्ट गंभीर राहत नाही, असं आम्हाला सगळ्यांनाच सोयीनं वाटत असावं.

काका दारू पीत नव्हते. हात उगारल्याचं कुणी कधी ऐकलं नाही. घरात पैसा होता, मुलगी सुखात होती. पलंगाखालच्या कुठल्याच गठ्ठ्यात या घरासाठी पत्रक नव्हतं.

एकदा काकूंनी माझ्या आईला सांगितलं होतं. बिट्टन मार्केटला बाजाराचा दिवस होता, दोघी मेथीच्या जुड्या बघत होत्या. काकू म्हणाल्या, "घरात माणूस आहे हो, पण दिवसभर मी कुकरशी बोलते. परवा शिट्टी झाली तर म्हटलं, आले आले, थांब." आईला हसू आलं, आणि मग काकूंचा चेहरा बघून ते विरलं. ती म्हणाली, "मी प्रार्थना करते हं तुमच्यासाठी." आणि तिनं केली. रोज रात्री आमच्या कुटुंबाच्या प्रार्थनेत आई काकूंचं नाव घ्यायची, मी स्वतः ऐकलंय. पण काकूंना तिनं त्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. मी एकदा म्हटलंही, "विचार की त्यांना." आई म्हणाली, "विचारलं तर त्यांना वाटेल मी विसरले नाही." यात वाईट काय, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

मग आमच्याकडे नवे पास्टर आले. छत्तीसगडकडचे, तरुण, मोठ्या शहरातली पहिलीच नेमणूक. मनमिळाऊ. लहान मुलांची नावं पाठ करणारे, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलणारे. मराठी त्यांना अजिबात येत नव्हतं.

ते आल्यावर काही महिन्यांनंतरच्या एका रविवारी, काकांचं शास्त्रवाचन झालं आणि पास्टरजी प्रवचनाला उभे राहिले. बोलता बोलता थांबून म्हणाले, "पिछले हफ़्ते हमारी एक बुज़ुर्ग बहन मेरे पास आईं. नाम नहीं लूँगा. कहने लगीं, पास्टरजी, इतने साल संसार किया, अब मुझसे नहीं होता, छोड़ देने का मन करता है. भाइयो और बहनो, मेरी आँखें भर आईं. संसार छोड़ने के लिए हिम्मत चाहिए. हममें से कितने लोग यह कह सकते हैं?"

उजव्या बाजूनं, हिंदी बाकांवरून, मोठा "आमेन" आला. डाव्या बाजूला कुणी श्वाससुद्धा घेतला नाही.

मराठी वाचकाला मी काय सांगणार. हिंदीत संसार म्हणजे जग, आणि चर्चच्या हिंदीत तर मोहाचं, पापाचं जग. आपल्या मराठी शास्त्रात जिथे "जग" असतं तिथे त्यांच्या हिंदी शास्त्रात "संसार" असतो. तो सोडणं हे भक्ताचं लक्षण. आणि "संसार करणं" ही गोष्ट हिंदीत नाहीच. ती फक्त आपण करतो. त्यामुळे पास्टरजींना नाव घ्यायची गरजच पडली नाही. "संसार किया" म्हणणारी वयस्कर बहीण मराठीच असणार, आणि मराठी बाकांवर त्या वयाच्या बायका किती होत्या? माना वळल्या. काकू गीतांच्या पुस्तकाकडे बघत बसल्या होत्या. पुस्तक मिटलेलं होतं. काका समोर, कमिटीच्या खुर्चीवर.

उपासना संपल्यावर आवारात चहा असतो. तिथे बायकांचं सुरू झालं.

"नवरा सोडतेय म्हणे. या वयात."

"आणि पास्टरजी वर कौतुक करतायत."

"पोरीच्या सासरी कळलं म्हणजे?"

"एवढा देवमाणूस. देवमाणसासोबतच नांदायला जड जातं बाई काहींना."

काकू तिथून चालत गेल्या, फाटकाबाहेर रिक्षा थांबवली आणि बसल्या. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही. काका कमिटीच्या मीटिंगला थांबले. मी कपातला चहा तसाच ठेवला आणि चर्चच्या मागच्या खोलीत पास्टरजींना गाठलं. मला भांडायचं होतं.

"आपने उनकी बात सबके सामने क्यों कही?"

"नाम तो नहीं लिया, बेटा."

"नाम की ज़रूरत ही नहीं थी. अब बाहर सब कह रहे हैं कि वे पति को छोड़ रही हैं."

"पति को?" ते गोंधळून म्हणाले. "पति कहाँ से आ गया?"

मी त्यांना सांगितलं. मराठीत संसार म्हणजे घर-गृहस्थी. त्या म्हणत होत्या की ही गृहस्थी आता माझ्याच्यानं होत नाही. आणि तुम्ही त्यावर आमेन म्हणवून घेतलंत.

ते खुर्चीवर बसले. हातातल्या किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. मग म्हणाले, "बेटा, मान लो मैंने ठीक ही समझा होता. जैसे हिंदी में समझते हैं, वैसे. एक औरत मुझसे कहती है, संसार छोड़ देने का मन करता है. और वह मरने की बात कर रही होती तो? मैंने वह भी नहीं पूछा."

मी शब्दाची चूक दाखवायला गेले होते, आणि त्या माणसानं त्याहून मोठी चूक स्वतःच शोधून माझ्यापुढे ठेवली.

"उस दिन एक शादी में पहुँचना था," ते पुढे म्हणाले. "जल्दी में था. सिर पर हाथ रखा और प्रार्थना कर दी."

ही आमची रीत. माझी देवावर श्रद्धा आहे, प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, आणि तरीही हे लिहिते: आमच्यात प्रार्थना पुष्कळदा संभाषण संपवण्यासाठी वापरली जाते. माणूस बोलायला लागतो, ऐकणाऱ्याला जड जातं, तो म्हणतो, चला, प्रार्थना करू या. डोळे मिटले की समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही. आमेन झालं की उठायला मोकळे. देवाच्या कानावर घातलं, म्हणजे आपला कान सुटला.

आणि सगळं खापर हिंदीवरही फोडता येत नाही. आईला तर शब्द कळला होता. मराठी बाकांवरच्या प्रत्येकीला तो कळला होता. ज्याला कळला नाही त्यानं निदान चुकून कौतुक केलं. ज्यांना कळला त्यांनी चहा पीत निकाल दिला.

त्या आठवड्यात पास्टरजी आणि मी काकूंकडे गेलो. दुपारची वेळ, काका वाचनालयात गेलेले. पास्टरजींनी दारातच हात जोडले आणि माफी मागितली. काकू म्हणाल्या, "आप की क्या गलती, पास्टरजी. शब्द तो दोनों का है." मग मला म्हणाल्या, "बस गं. चहा टाकते."

चहा झाल्यावर मी म्हटलं, "काकू, मराठीत बोला. मी त्यांना सांगते."

त्या आधी थोडं थांबून थांबून बोलल्या, मग थांबल्याच नाहीत. मुलगी शाळेत असतानाची गोष्ट. सासूबाई यांच्याकडे राहायला होत्या. कशावरून तरी काकू त्यांना उलट बोलल्या. "सासूबाईंची मी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. त्यांनी माफ केलंसुद्धा. पुढे आम्ही दोघी मिळून लोणची घातली, दवाखाने केले. माफ करून, पोटभर आशीर्वाद देऊन त्या गेल्या. यांचं मात्र अजून चाललंय. मी यांचीही मागितली माफी. ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं."

मी पास्टरजींना हिंदीत सांगत होते.

"आणि त्या रविवारी," काकू म्हणाल्या, "हे चर्चमधून घरी आले, चपला काढल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'समाधान झालं?' इतक्या वर्षांत मला म्हणून बोललेलं पहिलं वाक्य. मी वेडी. आधी मला आनंदच झाला. मग कळलं काय म्हणाले ते."

मी विचारलं, "काकू, तुम्हाला घर सोडायचंय का? खरं सांगा."

"कुठे जाऊ? आणि का जाऊ, घर माझं आहे. सोडायचं नाही गं मला काही. थकले, एवढंच सांगायचं होतं कुणाला तरी."

"मग मंडळीनं काय करावं?"

हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यांनी विचार केला नाही. उत्तर तयार होतं. "कमिटीतले दोघे जण या. माझ्यासमोर त्यांना विचारा, तुम्ही यांच्याशी का बोलत नाही? बस, एवढंच. ओरडू नका, उपदेश करू नका. मी विचारलं तर ते भिंतीला विचारल्यासारखं होतं. मंडळीला ते उत्तर देतील. मंडळीला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही."

मी भाषांतर केलं. पास्टरजी म्हणाले, "हम आएँगे, बहनजी. ज़रूर आएँगे."

त्यावेळी ईस्टर जवळ आला होता. पप्पा म्हणाले, "जाऊ. एवढा ईस्टर होऊ दे. त्यात त्यांच्याकडेच वाचन आहे, मन कशाला दुखवा." ईस्टर झाला. मग मुलांचं उन्हाळी शिबिर आलं. पास्टरजी एकट्यानं जायला धजावत नव्हते. "अकेला गया तो कहेंगे, कल का लड़का बड़ों को सिखाने आया है." मी त्यांना म्हटलं, म्हणू देत. ते मान खाली घालून हसले. कमिटीतल्या दुसऱ्या एकांना पप्पांनी विचारलं, तर ते म्हणाले, "नवरा-बायकोच्या मधे पडलं की आपलंच तोंड काळं होतं, भाऊ." मी पप्पांना पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दर वेळी त्यांच्याकडे एक सण होता. सुगीचा सण आला. त्यात लोक भाज्या-फळं अर्पण करतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. काकांनी एका भोपळ्यावर गमतीगमतीत इतकी मोठी बोली लावली की सगळं आवार हसलं. इतका मोकळा, दिलदार माणूस. त्याला जाऊन काय विचारणार? आमच्या चर्चच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक गोष्टीला रविवार होता. याला नव्हता.

काकू चर्चला येईनाशा झाल्या. कुणी विचारलं तर काका सांगायचे, "तब्येत बरी नसते त्यांची." त्यांची. आदरार्थी. बाहेर ते काकूंबद्दल नेहमीच आदरानं बोलायचे.

दरम्यान मंडळीनं काहीच केलं नाही असं मात्र नाही. सतरंज्या ठेवायची खोली रिकामी केली, चुना मारला, दारावर पाटी लावली: परामर्श कक्ष, म्हणजे मन मोकळं करून सल्ला घ्यायची खोली. आत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, आणि पप्पांनी हौसेनं बसवलेला पत्रकांचा स्टँड. उद्घाटनाची प्रार्थना सगळ्यात ज्येष्ठ म्हणून काकांनी केली. दुखावलेल्या हृदयांसाठी. लांब आणि सुंदर. मी मागे उभी होते, पण मीही तोंड उघडलं नाही.

त्या खोलीत कुणी आलं नाही. दार थेट आवारात उघडतं, चहाच्या टेबलासमोर. आत कोण गेलं, किती वेळ बसलं आणि बाहेर येताना डोळे लाल होते का, हे सगळ्या मंडळीला दिसणार. शहाणा माणूस तिथे कशाला जाईल? आता तिथे पुन्हा सतरंज्या आहेत.

नाताळ झाला. थंडी होती. एका सकाळी काका न्हाणीघरात पडले. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

इथे मला माझ्या मंडळीबद्दल न्यायानं लिहायला हवं. त्या सकाळनंतर ती जशी धावली तशी क्वचितच कुणी धावत असेल. हॉस्पिटलमध्ये पाळ्या लागल्या. कुणी सूप आणलं, कुणी रक्त दिलं, कुणी काकूंना बळेच घरी नेऊन झोपवलं. ज्या मावशी आवारात "देवमाणूस" म्हणाल्या होत्या, त्यांनी काकांचे कपडे धुतले. आजारपण आणि मरण निभावणं आम्हाला येतं. त्याची आम्हाला सवय आहे, त्याची गीतं आहेत, त्याचे डबे ठरलेले आहेत. शरीर पडलं की आम्ही उचलतो. कान द्यायची वेळ आली की आम्हाला पुढचा सण दिसतो.

काका घरी आल्यावर एका रविवारी दुपारी आम्ही सगळी मराठी घरं आणि पास्टरजी त्यांच्याकडे जमलो. हॉलमध्ये पलंग टाकला होता. गीतं झाली. बायका काकूंना म्हणत होत्या, "सेवेची संधी मिळाली तुम्हाला. देव बळ देईल." काकू हो हो म्हणत आत गेल्या. मी कप विसळायला त्यांच्या मागे गेले, आणि थोड्या वेळानं पप्पा रिकामा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "आम्ही यायला हवं होतं. त्या कामासाठी."

काकू चहा गाळत होत्या. "आलात की, भाऊजी. सगळेच आलात. विचारा आता."

पप्पांनी रिकामा ट्रे ओट्यावर ठेवला.

"काल माझ्याकडे बघून बराच वेळ तोंड हलवत होते," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुधाचा हिशेब सांगावा तसा. "मी कान अगदी जवळ नेला. काही कळेना. कदाचित पाणी हवं असेल. कदाचित दुसरं काही असेल. आता कोण सांगणार मला? 'समाधान झालं', एवढंच मला म्हणून बोलले आणि बंद झाले." त्यांनी ट्रे भरून पप्पांच्या हातात दिला. "न्या. गार होईल."

पप्पा ट्रे धरून तसेच उभे राहिले. बाहेरून कुणीतरी हाक मारली, समारोपाच्या प्रार्थनेला या. काकूंनी हात पुसले आणि बाहेर गेल्या.

आता वाचा शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून काही दिवस त्यांच्याकडे येतात. त्या नसतात तेव्हा काकू स्वतः काकांसमोर बसून त्यांच्याकडून "पा" म्हणवून घेतात. ओठ कसे मिटायचे ते दाखवतात. मी परवा गेले तेव्हा हेच चालू होतं. काका घामाघूम झाले होते. काकूंनी त्यांचं तोंड पुसलं आणि पुन्हा म्हणाल्या, "पा. म्हणा, पा." वाचा येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. आली तर आधी काय निघेल, हे काकूंनाही ठाऊक नाही. पण त्या समोर बसल्या आहेत.

पास्टरजींच्यात फरक पडलाय. कुणी काही सांगायला आलं तर ते आता आधी बसतात आणि म्हणतात, "इसका मतलब क्या हुआ, ज़रा समझाइए." कुणाला डॉक्टरकडे, कुणाला समुपदेशकाकडे पाठवायचं हे शिकण्यासाठी ते एका प्रशिक्षणाला जाऊन आले. प्रवचनात कुणाचीही गोष्ट, नाव न घेतासुद्धा, सांगत नाहीत. हे सगळं चांगलं आहे आणि प्रत्येक मंडळीनं करावं. पण ज्या बाईमुळे ते शिकले, तिच्या हाती यातलं काही लागलं नाही. तिनं मागितली होती ती दोन माणसं आणि एक प्रश्न. ते द्यायला ना इमारत लागत होती, ना प्रशिक्षण. एक दुपार लागत होती, आणि एका मोठ्या माणसाला वाईट वाटू देण्याची तयारी.

म्हणून मी तुमच्याकडे एक मागणं मागते. तुम्ही चर्चला जात असा, देवळात जात असा, की कुठेच जात नसा. तुमच्या ओळखीतही असं एक घर आहे. आत्ता वाचताना ते तुम्हाला आठवलंच आहे. आधी त्या घरात जो सोसतोय त्याला एकट्यात भेटा आणि त्याला काय हवंय ते विचारा. तुमच्या मनातलं सांगू नका. त्यानं मागितलं, आणि त्यात त्याला धोका नसेल, तर आणखी एकाला सोबत घेऊन ज्याला विचारायचं त्याच्याकडे जा. तो कितीही मान्यवर असो. पुढचा सण होऊ द्या, असं म्हणू नका. या आठवड्यात जा. त्याला बोलता येतंय तोवर विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत तिथून उठू नका.